पेन्शनीत निघालेले एक मास्तर: सुभेदार रामजी सकपाळ

स्मरणिकेसाठी 'माझे आवडते शिक्षक' या विषयावर लिहा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी जरा घोटाळ्यात पडलो. आपल्या गणिताच्या सरांवर, बाईंवर, ड्रिलच्या मास्तरांवर चारचार लेख येणार हे उघड होते. मग ठरवले की आपल्या शाळेच्या पायरीवर ज्यांनी कधी पाऊल ठेवले नाही, अशा एका मास्तरांवर लिहावे. ते सातारकर मात्र होते. निदान काही वर्षे तरी.

याचे मूळ आपल्या नववीच्या वर्गात आहे. इतिहासाचे सर बाबासाहेब आंबेडकरांवरचा धडा शिकवत होते. आपण पदव्यांची यादी घोकत होतो, कोलंबिया, लंडन, बॅरिस्टर वगैरे. सर मध्येच थांबले आणि म्हणाले, "पोरांनो, हे सगळं खरं. पण हा मुलगा आपल्या साताऱ्यात इंग्रजी पहिलीत होता तेव्हा त्याला पुस्तकं कोण आणून देत होतं?" सगळा वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून कोणीतरी "सरकार" म्हणाले आणि आपण हसलो. सर हसले नाहीत. "शोधून काढा," एवढेच म्हणाले आणि पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.

मला शोधायला बरीच वर्षे लागली. पुढे मी स्वतः इतिहास शिकवू लागलो, तेव्हा धनंजय कीर आणि चां. भ. खैरमोडे यांची चरित्रे नीट वाचली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणीही वाचल्या. सरांच्या प्रश्नाचे उत्तर तिथे होते. पुस्तके आणत होता तो एक निवृत्त मास्तर.

आपण त्यांना सुभेदार रामजी म्हणून ओळखतो. हुद्दा आहे, लष्कर आहे, म्हणून डोळ्यांसमोर बंदूक येते. प्रत्यक्षात त्यांच्या नोकरीचा मोठा काळ खडूफळ्याशी गेला. कंपनी सरकारच्या लष्करात शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. त्यासाठी पलटणींच्या शाळा असत आणि त्या शाळांना मास्तर लागत. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ज्या काळात गावच्या शाळेत महाराच्या मुलाला ओटीवरसुद्धा बसू देत नसत, त्या काळात एक महार गृहस्थ मुख्याध्यापक होता. हे केवळ छावणीच्या कुंपणाच्या आत शक्य होते. कुंपणाबाहेर आल्यावर काय होते, ते पुढे येईलच.

पत्नी भीमाबाई मुरबाडच्या, त्याही लष्करी सुभेदाराच्या घरातल्या. चौदावे अपत्य म्हणजे भिवा, जन्म महू छावणीत, १४ एप्रिल १८९१. चौदांपैकी थोडीच जगली. पुढच्याच वर्षी, १८९२ मध्ये, सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. रामजींच्या वडिलांनी आणि सासऱ्यांनी ज्या नोकरीत उमेद घालवली, ती पुढच्या पिढीला बंद. रामजी गप्प बसले नाहीत. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज करण्याच्या खटपटीत ते होते आणि त्यासाठी त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांची मदत घेतली, असे कीरांनी लिहिले आहे. अर्जाने त्या वेळी काही झाले नाही. मला वाटते, पलटणीचा दरवाजा बंद झाला म्हणूनच या माणसाने मुलांच्या शिक्षणावर सगळा डाव लावला. हा माझा तर्क आहे, इतिहासाच्या मास्तराची खोड म्हणून सोडून द्या.

पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब आधी दापोलीला आले, मग साताऱ्याला. साताऱ्यातच भीमाबाई गेल्या. भिवा तेव्हा पाचसहा वर्षांचा. घरात रामजींची बहीण मीराआत्या होती. तिने या पोराला जीव लावला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवाचे नाव दाखल झाले. तेच आजचे प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरमध्ये 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे आणि आता हा दिवस राज्यभर विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. शाळेत त्याला बसायला वेगळे तरटाचे बसकर होते, ते रोज घरी न्यावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तर तहान भागे, शिपाई नसला तर तसेच राहायचे. डोकी करायला न्हावी येत नसे, म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापी. आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक आपल्या डब्यातली भाजीभाकरी रोज या पोराला देत, ही आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर जपली. आपल्या व्यवसायातल्या लोकांनी ती वाचावी. एक भाकरी किती वर्षे पुरते ते कळते.

याच काळात रामजी खटाव तालुक्यात नोकरीला गेले. दुष्काळ पडलेला, माणसे मरत होती आणि सरकारने लोकांच्या हाताला काम म्हणून तलावाची खोदाई काढली होती. तिथे ते रोखपाल. या गावाचे नाव बाबासाहेबांच्या इंग्रजी मजकुरात कोरेगाव आहे, तर कीर गोरेगाव म्हणतात. खटाव तालुका दोन्हीकडे आहे, म्हणजे आपण एस.टी.त बसून जातो ते कोरेगाव नव्हे. मुले साताऱ्यात. आत्याच्याने फारसे होत नसे, म्हणून पोरेच हाताने रांधत. चपात्या जमत नसत, भाताचाच काहीतरी प्रकार करून खात.

१९०१ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मुलांना बोलावले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, नवे जोडे. मुले आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. पत्र आधीच पाठवले होते, पण न्यायला कोणी आले नव्हते. पुढची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. मुले महार आहेत हे कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरकला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार. जकात नाक्यावर रात्र काढली. जवळ डबाभर जेवण होते, पण पाण्याचा थेंब मिळाला नाही. तहानेने अन्न घशाखाली उतरेना.

आपण ही गोष्ट नेहमी मुलांच्या बाजूने वाचतो. मी बाप झाल्यापासून मला ती दुसऱ्या बाजूने दिसू लागली आहे. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ही पोरे धुळीने माखून वडिलांपुढे उभी राहिली, तेव्हा रामजींना आश्चर्यच वाटले. न कळवता कसे आलात? मुले म्हणाली, आम्ही कळवले होते. ते म्हणाले, मला पत्र मिळालेच नाही. मग उलगडा झाला. नोकराने पत्र त्यांना दिलेच नव्हते. विचार करा. चौदा वर्षे ज्याने शिपायांच्या मुलांना शिस्तीने वाढवले, त्याच्या स्वतःच्या पोरांना एका विसरलेल्या पत्रामुळे रात्रभर तहानलेले राहावे लागले. छावणीतली पत त्या रस्त्यावर कवडीच्या कामाची नव्हती. ती चिठ्ठी वेळेवर मिळाली असती तर रामजी स्वतः स्टेशनावर आले असते आणि पोरांना तो रस्ता त्या वयात दिसला नसता. किती दिवस न दिसता राहिला असता, हा प्रश्न वेगळा.

रामजींचे चित्र मी साखरेत घोळवून देणार नाही. ते कडक होते. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बाबासाहेबांनीच त्यांची तुलना रोमन कुटुंबप्रमुखाशी केली आहे आणि वर म्हटले आहे की आई नसल्यामुळे थोडी मोकळीक आपल्याला एकट्यालाच होती. रामजींनी दुसरे लग्न केले ते भिवाला आवडले नाही. नव्या आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून त्याला सहन होत नसे. शेवटी पोराने ठरवले की बापाच्या जिवावर जगायचेच नाही, मुंबईला पळायचे आणि गिरणीत काम धरायचे. साताऱ्यातली मुले तशी जात असत. गाडीभाड्यासाठी मीराआत्याच्या कमरेची पिशवी चोरायची. तीन रात्री जमले नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. आत अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने मुंबई होत नव्हती. तेव्हा त्याने मनाशी ठरवले की आता अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे. मी वर्गात ही गोष्ट सांगतो तेव्हा मुले एकदम जागी होतात. परीक्षेत मात्र कोणी लिहीत नाही.

घरातली शाळा कशी होती, तेही पाहण्यासारखे आहे. रामजी कबीरपंथी. रोज झोपण्यापूर्वी दोघा मुलांनी रामायण-महाभारताचा काही भाग मोठ्याने वाचायचा, ऐकायला बहिणी आणि शेजारपाजारची माणसे. हा नेम कितीतरी वर्षे चालला. इंग्रजीसाठी हॉवर्डची क्रमिक पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, तीही पाठ. कोणत्या मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द चपखल बसेल, हे मुलाकडून घोटून घेणारा हा मास्तर होता. पुढे ज्या माणसाच्या इंग्रजीला परदेशातही मान मिळाला, त्याच्या इंग्रजीचा पाया घालणारा हात लष्करी शाळेत मुरलेला होता.

मोठा झाल्यावर मुलाने विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे, ते तुम्ही आम्हाला का वाचायला लावता? पहिल्यांदा उत्तर आले ते कोणत्याही त्रासलेल्या बापाचे. असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले ते करावे. काही दिवसांनी पोराने तोच प्रश्न पुन्हा काढला. या वेळी रामजींनी विचार करून ठेवला होता. आपण अस्पृश्य, आपल्या मनात कमीपणाची भावना घर करण्याचा धोका आहे, ती जावी म्हणून हे वाचायचे. द्रोण, कर्ण यांच्याकडे बघ, लहान माणसे कुठवर चढली. वाल्मीकी कोळी होता, त्याने रामायण रचले. मुलाला हे उत्तर पुरते पटले नाही, आणि तसे त्याने पुढे लिहूनही ठेवले. पण विद्यार्थ्याच्या अडचणीच्या प्रश्नाला आधी दटावणारा आणि मग घरी जाऊन त्यावर विचार करून येणारा शिक्षक मला फार ओळखीचा वाटतो. आपल्या शाळेत असे दोघे तरी होते. नावे घेत नाही, त्यांना कळेलच.

१९०४ मध्ये हे कुटुंब सातारा सोडून मुंबईला, परळच्या डबक चाळीत आले. एक खोली. तीतच चूल, तीतच सरपण, तीतच सगळी माणसे. रामजींनी युक्ती काढली. मुलाला लवकर निजवायचे आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे. दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग त्याच जागेवर आपण पाठ टेकायची. काचेशिवायचा भगभगणारा दिवा, उशाशी शेळी, पायथ्याशी जाते. घड्याळाचा गजर नसलेल्या घरात म्हातारा बाप रात्रभर गजर होऊन बसलेला.

पैसा दोघांच्या शिक्षणाला पुरेना. थोरल्या आनंदरावांना शाळेतून काढले आणि जी.आय.पी. रेल्वेच्या कारखान्यात कामाला लावले. धाकटा एलफिन्स्टन हायस्कुलात शिकत राहिला.

आणि पुस्तके. सरांच्या प्रश्नाचे उत्तर इथे येते. भीमरावाला शाळेच्या पुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचे वेड. मागेल ते पुस्तक रामजी आणून देत. हाती पैसा नसला की तडक धाकट्या मुलीच्या सासरी जायचे आणि तिच्याकडून उसने घ्यायचे. तिच्याकडे नसले की थोरल्या मुलीकडे. तिच्याकडे रोकड नसे, मग ती अंगावरचा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून मुलीला परत. पुढचे पुस्तक आले की पुन्हा तीच फेरी. थोरली मंजुळा, धाकटी तुळसा. चरित्रात या दोघींना मिळून मोजून काही ओळी आहेत.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवले. माझे वडील प्राथमिक शिक्षक, हे तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या बी.एड.च्या फीसाठी ते ताईच्या सासरी गेले होते. ताईने बांगड्या काढून दिल्या, आणि त्या सोडवायला आम्हाला तीन वर्षे लागली. घरात याचा उच्चार पुन्हा कधी झाला नाही. मी तर विसरूनच गेलो होतो, विसरणे सोयीचे होते म्हणून.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण, म्हणजे साडेसदतीस टक्क्यांच्या आसपास. आजच्या पालकसभेत हा आकडा सांगितला तर लोक मान खाली घालतील. तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा ठरवली. ते परवानगी मागायला रामजींकडे आले. रामजींनी साफ नकार दिला. असल्या सत्काराने पोराचे डोके फिरेल, त्याने परीक्षा पास होण्यापलीकडे काय केले आहे, असे त्यांचे म्हणणे. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक आणि ग्रंथकारांनी समजूत घातली तेव्हा कुठे ते कबूल झाले. त्याच सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. एका मास्तराने नको म्हटलेल्या सभेत दुसऱ्या मास्तराने दिलेले ते पुस्तक पुढे कुठवर पोचले, ते १९५६ साली नागपूरने पाहिले.

केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या महाराज सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. रामजींनी परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या, एक संसाराला, एक अभ्यासाला. १९१२ मध्ये मुलगा बी.ए.च्या परीक्षेला बसला आणि पास झाला. विषय इंग्रजी आणि फारसी. संस्कृत शिकायचे होते, पण हायस्कुलात ते शिकवायला कोणी तयार नव्हते.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. रामजींचे मन त्याला नव्हते. पण मुलगा गेला. पंधरा दिवस होतात न होतात तो तार आली, वडील अत्यवस्थ. परतीच्या प्रवासात सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव उतरले आणि गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीने मुंबई गाठायला दुसरा दिवस उजाडला. रामजींचे डोळे दाराकडेच होते. मुलाला पाहिले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. मसूरला पत्र चुकले होते, इथे गाडी चुकली.

पाच महिन्यांत, जुलै १९१३ मध्ये, तो मुलगा न्यूयॉर्कला उतरला. रामजींना कोलंबिया विद्यापीठाचे नावसुद्धा ऐकायला मिळाले नाही.

१९२३ साली लंडनमध्ये बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला आहे. माझ्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला आणि जी जाण दाखवली त्याबद्दलची ही कृतज्ञता, अशा अर्थाचा मजकूर आहे. बहिणींचा उल्लेख त्यात नाही. आनंदरावांचाही नाही. अर्पणपत्रिकेला जागा थोडी असते.

इतिहासाच्या सरांना हे उत्तर सांगायला मी गेलो होतो, ते निवृत्त झाल्यानंतर. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "दागिना कोणत्या मुलीचा?" मी सांगितले, थोरलीचा. "बरोबर," म्हणाले, आणि आत चहा सांगितला.

ताई आपल्याच शाळेची, आपल्यापुढे तीन वर्षे. संमेलनाला तीही येणार आहे.